पाणीपट्टी १,२०० वरून २,४०० : ग्रामसभेत नेमकं काय विचारू?

ओसरीवरून
१७ जानेवारी २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. मी इथं वाचायला येते, लिहायचं धाडस कधी केलं नव्हतं. पण २६ जानेवारीला आमच्याकडं ग्रामसभा आहे, हातात नऊ दिवस आहेत आणि गावात विचारावं असं कुणी नाही.

गाव खटाव तालुक्यातलं. नाव सांगत नाही, कारण सरपंच नात्यानं माझे चुलत दीर लागतात आणि सकाळी डेअरीवर दूध घालायला मलाच जायचं असतं. शेरीवस्ती सोडून घरं ४६०. मी लग्न होऊन आले त्याला एकोणीस वर्षं झाली. दोन म्हशी, अडीच एकर, आणि ओसरीवर पिठाची गिरणी. बायका डबा ठेवतात, दळण होईस्तोवर थांबतात, बोलतात. त्यामुळं गावात काय शिजतंय त्याचा वास मला लवकर येतो.

दोन वर्षांमागं जलजीवन मिशनची योजना आली. तलावाखाली विहीर, नवी टाकी, घरोघर नळ. पाणी दिवसाआड येतं, पण येतं. डोक्यावरचा हंडा गेला, हे मी आधीच कबूल करते, नाहीतर म्हणाल ही बाई नुसती तक्रार करायला बसलीय. पाणीपट्टी वर्षाला १,२०० होती. आता मासिक सभेत ठराव झालाय म्हणे, एप्रिलपासून २,४००. दवंडी नाही, नोटीस नाही. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शिपायानं एका कागदाचा तिरका फोटो टाकला, त्याखाली चार अंगठे आले, विषय संपला.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी उभी राहून विचारलं होतं की योजनेवर वर्षाला खर्च तरी किती होतो. दीर म्हणाले, "वहिनी, आता सगळं ऑनलाइन असतं. मोबाइलवर बघायचं." सगळे हसले. मीही खाली बसले.

मग बघितलं. थोरली लेक अकरावीला आहे, तिनं ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून सगळं काढून दिलं. पंधराव्या वित्त आयोगातून, म्हणजे केंद्राकडून गावाला येणाऱ्या पैशातून, काय काय दिलं गेलं त्याची यादी आहे. शाळेची रंगरंगोटी, अंगणवाडीला साहित्य, गटार दुरुस्ती, सिमेंटची बाकडी. बाकडी १२. मी दोन दिवस म्हशीमागं फिरताना मोजली, ९ भरली. तीन बाकडी कुठं गेली?

पण पाणी योजनेचा हिशेब काही त्यात एका जागी सापडत नाही. तर माझे प्रश्न. पाणीपट्टी अशी एका ठरावात दुप्पट करता येते का? दप्तर मला बघायला मिळेल का? आणि दीर पुन्हा "ऑनलाइन बघा" म्हणाले तर त्यावर काय बोलायचं? महिला ग्रामसभेत विचारा असं कुणी सांगू नका. आमच्याकडं महिला ग्रामसभा म्हणजे शिपाई रजिस्टर घेऊन दारोदार येतो आणि आम्ही चुलीपुढून उठून सही करतो.

पेठेतला गावकरी
१७ जानेवारी, रात्री ११.२५

ताई, यात विचारायचं काय आहे? सगळीकडे हेच चाललंय. बाकड्यांतच तीन खाल्ली, तर टाकीत किती खाल्ले असतील! थेट माहिती अधिकार टाका, जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे तक्रार करा, पेपरात द्या. मी पंधरा वर्षं पुण्यात आहे, गावचं घर बंद असतं, तरी गावातल्या प्रत्येक गोष्टीवर माझं लक्ष असतं. ही माणसं भीतीशिवाय ऐकत नाहीत.

जुना भाऊसाहेब
१८ जानेवारी, सकाळी ६.१०

एकतीस वर्षं ग्रामसेवक होतो, सोलापूर आणि सांगली जिल्ह्यांत मिळून सात गावं केली. आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. लोक तेव्हाही भाऊसाहेबच म्हणायचे, आताही तेच म्हणत असतील.

आधी बाकडी सोडा. बाकडी हा ग्रामसभेतला सगळ्यात लाडका विषय. डोळ्याला दिसतो, मोजता येतो, त्यावर दोन तास भांडण होतं आणि तोवर जेवणाची वेळ होते. माझ्या नोकरीत मी अशा कितीतरी सभा बाकडी, दिवे आणि मुरूम यांच्यावर पार पडताना पाहिल्या. काही वेळा मला त्याचा आनंदही झाला, खोटं कशाला बोलू.

माहिती अधिकाराचा अर्ज जरूर करा, दहा रुपयांचं तिकीट लागतं. पण उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. तुमच्याकडं नऊ आहेत. तेव्हा सोमवारी कार्यालयात जा आणि गोडीनं मागा. काय मागायचं ते नीट लिहून घ्या, कारण "हिशेब दाखवा" म्हटलं की कुणीही तुमच्यापुढं कपाट उघडून ठेवतो आणि म्हणतो बघा.

ग्रामपंचायतीचं दप्तर नंबर घातलेल्या नमुन्यांत असतं. नमुना ९ म्हणजे कर मागणीची नोंदवही. कुणाकडं किती येणं, किती वसूल, किती थकलं, घरागणिक त्यात असतं. नमुना ५ म्हणजे रोकडवही. नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक याच दिवसांत पंचायत समितीकडं जात असतं, म्हणजे तुम्ही वेळेवर जाग्या झाल्या आहात. तसे एकूण तेहेतीस नमुने आहेत, शेवटचा झाडांच्या नोंदीचा. बाकीच्यांच्या नादी लागू नका. पाणी योजनेची बारा महिन्यांची वीजबिलं तेवढी वेगळी मागा.

निधीचं असं असतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशाचा ६० टक्के भाग बंधित, म्हणजे ठरलेल्या कामावरच खर्चायचा, ४० टक्के अबंधित. बंधितातला निम्मा पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. बाकडी अबंधितातून आली असणार. ती घेतली नसती तरी तो पैसा आपोआप पाण्याच्या खात्यावर गेला नसता, सभेत तुम्हाला हेच उत्तर मिळेल. आता मेख पुढं आहे. पाणीपुरवठ्याचं वीजबिल बंधित निधीतून भरायला शासनानं मुभा दिलेली आहे. बहुतेक गावं तेच करतात. पण या आयोगाची मुदत ३१ मार्च २०२६ ला संपते. सोळावा येईल, त्याच्या अटी त्याच्याबरोबर येतील. तेव्हा "पैसे कुठं गेले" हा प्रश्न जरूर विचारा, पण "२०२६ च्या एप्रिलात बिल कशातून भरणार" हा त्याहून अवघड आहे. त्याला उत्तर देताना माणूस कपाळावरचा घाम पुसतो.

दर वाढवायचा तर जाहीर नोटीस, हरकती मागवणं, त्या ऐकणं हे सगळं करावं लागतं. व्हॉट्सॲपवरचा फोटो म्हणजे नोटीस नव्हे.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. तुमचा विषय आधीच लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या, म्हणजे तो विषयपत्रिकेत येईल. नाहीतर "आयत्या वेळचे विषय" मध्ये जातो, आणि तिथवर सभा पोहोचते तेव्हा समोर शिपाई आणि एक कुत्रं उरलेलं असतं. दुसरी. ठराव सभेतच लिहून, वाचून घ्या. प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या वृत्तांताच्या वहीत, कोरं पान सोडून खाली सह्या घेण्याची पद्धत मी कुठून शिकलो ते विचारू नका.

आणि हो, जाण्याआधी स्वतःच्या घराची पावती शोधा. तुम्ही उभ्या राहिलात की पहिला प्रश्न तोच येणार.

वर्धेकडचा
१८ जानेवारी, दुपारी १.३०

मी पाच वर्षं सरपंच होतो, आता नाही. मानधन महिना ३,००० होतं, मी उतरलो आणि गेल्या सप्टेंबरात सरकारनं ते दुप्पट केलं. आमचं नशीबच तसं.

ताई, रागवू नका, पण थोडं तुमच्या दिराच्या बाजूनं बोलतो. निवडून आलो तेव्हा मला वाटलं होतं गावाले नंदनवन करीन. पहिल्या महिन्यात टेबलावर काय आलं असंल? पथदिव्यांचं थकलेलं बिल, जुन्या बॉडीच्या काळातलं. वायरमननं येऊन लाइन कापली. चार रात्री गाव अंधारात. लोक माझ्या दारात येऊन विचारत, सरपंच, तुमच्या घरी तर लाइट आहे. अरे, माझ्या घरचं बिल मी भरतो नं!

योजना बांधायले सरकार पैसा देते. फीत कापायले आमदार येते. चालवायले कोणी येत नाही. मोटार जळली का रात्री अकराले फोन सरपंचाले. गावात कुणाचा नळ तोडायचा म्हटलं तर तो कुणाचा तरी मामा असते, आणि पुढच्या पंचवार्षिकले त्याच्या घरात सहा मतं असतात. म्हणून सरपंच दर वाढवते. जे भरतात त्याइलेच जास्त भरायले लावणं सोपं, न भरणाऱ्याच्या दारात जाणं कठीण.

पेठेतले भाऊ, तुम्हाले एक विचारतो. गावचं घर बंद आहे म्हणता. घरपट्टी कधी भरली होती?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याचं नाव ऐकलं असंल. तिथं कर भरणाऱ्याचं दळण ग्रामपंचायत फुकट दळून देते. लोक कर भरायले धावत येतात. असं काही डोकं लावा.

ओसरीवरून
१८ जानेवारी, दुपारी २.०५

दादा, बाकी सगळं पटलं. पण फुकट दळणाचं नाव आमच्या गावात काढू नका. गिरणी माझी आहे.

सावंतवाडीची
१८ जानेवारी, संध्याकाळी ७.५०

महिला ग्रामसभेचं तेवढं सोडू नकोस गो. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी ती व्हायलाच हवी. आमच्याकडे पण रजिस्टर दारात यायचं. एकदा आम्ही आठजणींनी ठरवून सही केलीच नाही, "सभा कुठे आहे ते सांग, तिथे येऊन करतो" म्हटलं. पुढच्या वेळी गपचूप शाळेत सतरंजी घातली.

ओसरीवरून
२१ जानेवारी, रात्री ९.१५

काल सोमवारी कार्यालयात गेले. इथल्या भाऊसाहेबांकडं दोन गावं आहेत, ते आमच्याकडं सोमवार-गुरुवार असतात. चांगला पोरगा आहे, माझ्या धाकट्या भावाएवढा. "काकू, नमुना ९ कशाला पाहिजे?" म्हणाला. मी म्हटलं आमच्या घराची बाकी बघायची. जुन्या भाऊसाहेबांनी सांगितलं होतं म्हणून आधी तेच उघडलं.

आणि बघते तर काय. सासऱ्यांच्या नावावर जुन्या गोठ्याची जागा आहे, गावठाणातली. गोठा पडला, सासरे वारले, तिथं आता नुसती बाभळ आहे. त्या जागेची घरपट्टी आठ वर्षं भरलेली नाही. ३,८४० रुपये. मी तिथंच खुर्चीवर बसले. नवऱ्याला फोन केला तर म्हणाले, "अगं, ती चुलत्यांच्यात नि आपल्यात वाटून व्हायचीय म्हणून राहिलंय." म्हणजे निम्मी बाकी सरपंचांच्या घरची! घरी आले, दळणाच्या पैशाचा डबा ओतला, आज सकाळी जाऊन सगळे ३,८४० भरले आणि पावती घेतली. निम्मे मागायला मी दिरांकडं गेले नाही. ते सभेत कामाला येतील असं वाटलं.

आता मुख्य. वीजबिलं बघितली. सरासरी महिन्याला ३८,०००. वर्षाचे ४,५६,०००. पाणी सोडणाऱ्या पोराला महिना ९,०००, म्हणजे १,०८,०००. पाण्यात टाकायची टीसीएल पावडर, व्हॉल्व्ह, गळती, एकदा मोटार भरून आणली, असे मिळून ९०,०००. एकूण ६,५४,०००.

मागणी : ४६० नळ, १,२०० प्रमाणे ५,५२,०००. वसूल झाले ३,१९,०००. शंभरातले अठ्ठावन्न.

रात्री लेकीबरोबर बसले. खर्च भागिले घरं केलं तर एका घराला १,४२२ येतात. मग २,४०० कुठून आले? लेकीनंच काढलं. २,४०० गुणिले ४६०, आणि त्याचे ५८ टक्के. ६,४०,०००. खर्चाच्या जवळ बरोबर येऊन बसतं, बघा. म्हणजे पंचायतीनं आकडा हवेतून काढलेला नाही. जे भरत नाहीत ते पुढंही भरणार नाहीत हे धरून, त्यांचा वाटा भरणाऱ्यांच्या डोक्यावर ठेवलाय. वर्धेकडच्या दादांनी लिहिलं होतं तेच, फक्त आमच्या गावाच्या आकड्यात. मला राग यायच्या आधी हसूच आलं.

आजवरची तूट ३,३५,०००. ती बंधित निधीतल्या पाण्याच्या वाट्यातून भरली. तो वाटा आहेच साडेतीन लाखांच्या आसपास. म्हणजे शेरीवस्तीची पाइपलाइन तीन वर्षं आराखड्यात आहे आणि का होत नाही, तेही कळलं.

थकबाकीची नावं मी उतरून घेतली नाहीत, पण नजर फिरलीच. साठेक घरं बंद आहेत. आमच्याकडची बरीच माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात, तामिळनाडू-केरळात. घरं यात्रेपुरती उघडतात. काही खरोखर गरीब आहेत. आणि काहींची पोल्ट्रीची शेड आहेत, दारात बोलेरो आहे. त्यातल्या एका नावाशी सरपंचांचं नातं माझ्यापेक्षा जवळचं आहे.

अर्ज दिला. पोहोच घेतली. आता सांगा, यादी सभेत वाचायला लावू का? हात थरथरतोय.

जुना भाऊसाहेब
२२ जानेवारी, सकाळी ५.५५

तुमच्या लेकीला माझा नमस्कार सांगा. एकतीस वर्षांत एकाही सदस्यानं मला तो गुणाकार करून दाखवला नाही.

नावं पहिल्याच सभेत वाचायला लावू नका. आधी नुसते आकडे वाचा. माणसाला नाव ऐकू आलं की आकडा ऐकू येत नाही. बंद घरांनी नळ तोडून घेतल्याचा अर्ज दिला तर पाणीपट्टीचं वेगळं बघता येतं. घरपट्टी मात्र घर बंद असलं तरी लागते. गलाईवाल्यांना यात्रेत गाठा.

दर १,४२२ मागू नका. शंभर टक्के वसुली कुठल्याच गावाची होत नाही. दहा टक्के राहणार असं धरून चला, म्हणजे भाऊसाहेबाला तुमच्या आकड्यात खोट काढता येणार नाही. आणि रात्री मोटार किती तास चालते, टाकी भरून वाहते का, तेही बघा. ३८,००० मला जास्त वाटतात.

पेठेतला गावकरी
२२ जानेवारी, दुपारी १२.३०

वर्धेकडच्या काकांनी विचारलं होतं म्हणून सांगतो. काल गावी चुलतभावाला फोन केला. सहा वर्षांची बाकी आहे. मला वाटायचं वडील भरतात. वडिलांना वाटायचं मी भरतो. पाठवतोय आज.

ओसरीवरून
३ फेब्रुवारी, रात्री १०.००

उशीर झाला, माफ करा. सभा झाली. सगळं सांगते.

आधी गिरणीचं. गेल्या आठवड्यात दळणाला आलेल्या प्रत्येकीला मी एकच विचारलं, तुझी पावती आहे का? आणि सभेला येशील का? सावंतवाडीच्या ताईंचं ऐकून शिपाई रजिस्टर घेऊन आला तेव्हा "सभेतच सही करते" म्हटलं. आमच्या आळीतल्या अकराजणींनी तेच केलं. तो बिचारा रजिस्टर काखेत मारून परत गेला. महिला ग्रामसभा यावेळी २५ तारखेला खरोखर झाली, समाजमंदिरात. पंधरा मिनिटं चालली, पण झाली.

झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या व्हरांड्यात सभा. कोरम शंभराचा, एरवी तो सह्यांतच भरतो. यावेळी १३१ माणसं, त्यात निम्म्याच्या आसपास बायका. पायऱ्यांवर जागा पुरली नाही तेव्हा पोरांनी पुरुषांच्या खुर्च्या मागं सरकवल्या. एवढं एकच बघायला मिळालं असतं तरी मी घरी खूश होऊन आले असते.

पाणीपट्टीचा विषय चौथा. मी उभी राहिले. आणि जुने भाऊसाहेब, तुम्ही म्हणालात तसंच. तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, "आधी स्वतःच्या गोठ्याची घरपट्टी भरा म्हणावं." मी पिशवीतून पावती काढली, नंबर आणि तारीख वाचली. मग म्हटलं, "यातले निम्मे भाऊजींच्या घरचे आहेत, ते मी भरलेत. घाई नाही, सवडीनं द्या." हसायला सगळेच हसले, भाऊजीही. पण त्यांचे कान लाल झाले होते.

मग आकडे वाचले. बारा महिन्यांचं बिल, पगार, दुरुस्ती, वसुली. लेकीनं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतं, तो पुठ्ठा दोघींनी धरला. भाऊजी म्हणाले, "वहिनी, हे सगळं ऑनलाइन..." मी म्हटलं, "भाऊजी, बघितलं. त्यातलं २,४०० कसं निघालं ते तुम्ही एकदा गावाला सांगा." ते भाऊसाहेबांकडं बघायला लागले. भाऊसाहेबांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं की हो, ५८ टक्के वसुली धरूनच दर काढलाय.

एक मिनिट कुणी बोललं नाही. मग पहिल्या रांगेतला एक पैलवान गडी उठला. गेली कितीतरी वर्षं सगळी पट्टी वेळेवर भरणारा, फार न बोलणारा. म्हणाला, "म्हणजे मी शेजाऱ्याच्या म्हशीला पण पाणी पाजायचं व्हय?" तिथून पुढं माझी गरज उरली नाही.

पाऊण तास कालवा झाला. कुणी म्हणालं यात्रेची वर्गणी घरटी १,१०० मागितली की लोक पाया पडून देतात, केरळातून ऑनलाइन पाठवतात, मग पाण्याला का नाही. ते खरंच आहे. वर्गणी न देणाऱ्याचं नाव देवळाच्या फळ्यावर लागत नाही, एवढीच भीती पुरते.

यादी लावण्यावर मात्र भाऊजी अडले. "गावाची अब्रू आहे, माणसं दुखावतील." मी मान्य केलं नाही, पण जुन्या भाऊसाहेबांचं आठवून ताणलं नाही. ठरलं असं : चैत्रातल्या यात्रेला देवळापाशी पावतीपुस्तक घेऊन टेबल मांडायचं. त्यानंतर जी बाकी उरेल ती १ मेच्या ग्रामसभेत नावानिशी वाचायची. दर १,६००. ४६० घरांतून दहातली नऊ घरं भरली तर ६,६२,४०० होतात, खर्च निघतो. रीतसर नोटीस काढून हरकती मागवायच्या. दर महिन्याचं वीजबिल आणि वसुली कार्यालयाच्या फळ्यावर. ठराव तिथंच लिहिला, वाचला, सूचक म्हणून पैलवान, अनुमोदक मी. पानाचा फोटो लेकीनं काढलाय.

पुढच्या वर्षाच्या आराखड्यावरून जास्त भांडण झालं. भाऊसाहेबांनी सुचवलं की बंधित पैशातून विहिरीवर सौर पंप बसवायचा विचार करा, आयोग संपायच्या आत. दिवसा मोटार उन्हावर चालली तर बिल उतरेल. तरुण पोरांना व्यायामशाळा पाहिजे होती. तो पैसा वेगळा आणि हा वेगळा हे मी त्यांना समजावलं, तरी एकजण जाता जाता म्हणालाच, "काकूंनी आमची जिम घालवली." शेरीवस्तीच्या बायका म्हणाल्या सौर नको, आधी आमची पाइप. त्यांचंही चुकीचं नाही. त्या अजून हापशावर आहेत. मला तिथं काय बोलावं सुचलं नाही. आराखड्यात दोन्ही घातलंय, एक नंबर सौरला मिळाला आणि शेरीच्या बायका माझ्याशी न बोलता गेल्या. ते मला अजून लागून राहिलंय.

रात्रीच्या मोटारीचंही खरं निघालं. पाणी सोडणारा पोरगा मोटार लावून झोपतो, टाकी पहाटेपर्यंत वाहते. तलावाकडच्या ज्या शेतकऱ्याच्या बांधाला ते पाणी जातं त्याचं गवत भर जानेवारीत हिरवंगार आहे. ते गवत आम्ही सगळे रोज बघत होतो.

बाकड्यांचंही कळलं. तीन बाकडी स्मशानभूमीत आहेत. आम्ही बायका तिकडं जात नाही, म्हणून मला दिसली नाहीत. भाऊजींनी हे भर सभेत सांगितलं आणि मी माफी मागितली.

भाऊजींनी गोठ्याचे निम्मे, १,९२०, दुसऱ्या दिवशी पोराच्या हाती पाठवले. जाऊबाईंचं दळण मात्र सभेपासून आलेलं नाही. आठ दिवस झाले.

वर्धेकडचा
३ फेब्रुवारी, रात्री १०.२०

दळण कशाचं असते त्याइचं?

ओसरीवरून
३ फेब्रुवारी, रात्री १०.२२

थंडीत बाजरी.

जुना भाऊसाहेब
४ फेब्रुवारी, सकाळी ६.००

मग आठवडा-दहा दिवसांत येतील. बाजरीचं पीठ कडू पडतं.